चहा स्वस्त झाला म्हणून भडकलेली माणसं

मागच्या वर्षी भाच्याकडे बोस्टनला गेलो होतो. तिथे बोस्टन टी पार्टीचं म्युझियम आहे, म्हणजे १७७३ मध्ये तिथल्या लोकांनी जहाजांवरचा इंग्रजांचा चहा पाण्यात फेकून दिला होता त्याचं. पाण्यावर जुन्या धाटणीची जहाजं बांधून ठेवलीत, तिकीट काढून आत गेलं की जुन्या काळचे कपडे घातलेली मंडळी आधी तुम्हाला सभेत बसवतात, राजाच्या नावाने ओरडायला लावतात, मग जहाजावर नेऊन हातात चहाचं खोकं देतात आणि म्हणतात फेका. मी फेकलं. खोक्याला दोरी बांधलेली असते, त्यामुळे फोटो काढून झाला की ते परत वर ओढायचं आणि मागच्या बाईच्या हातात द्यायचं. क्रांती रीयूजेबल आहे एकदम.

बाहेर पडताना भाचा म्हणाला, "मामा, चहावर एवढा टॅक्स लावलेला का रे इंग्रजांनी?" म्हणलं नाही बाबा, उलट त्या वर्षी चहा स्वस्त झाला होता. त्याला वाटलं मी नेहमीसारखी खेचतोय. म्हणून ही पोस्ट, लांब होणारे, चहा घेऊनच बसा.

शाळेत आपण दोन ओळीत संपवलं होतं ते, इंग्रजांनी जाचक कर लादले आणि त्यांच्या अमेरिकेतल्या वसाहती पेटून उठल्या. मला आता वाटतं त्यातला 'जाचक' हा शब्दच गडबड आहे. रकमा बघितल्या तर जाच म्हणावा असं काही नव्हतंच. उलट लंडन दर वेळी रक्कम कमी करत गेलं आणि हे लोक दर वेळी जास्त चिडत गेले.

झालं असं की १७६३ मध्ये सात वर्षांचं युद्ध संपलं, इंग्लंडने फ्रेंचांकडून कॅनडा घेतला, पण डोक्यावरचं कर्ज जवळपास दुप्पट होऊन बसलं. वर अमेरिकेत दहाएक हजार सैनिक ठेवायचे ठरले, त्यांचा खर्च वेगळाच. लंडनवाले म्हणाले तुमच्या रक्षणासाठी लढलो, आता थोडे पैसे तुम्हीपण काढा. खरं सांगू का, मला यात फार चूक दिसत नाही. इंग्लंडातला साधा माणूस अमेरिकेतल्यापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता, १७६३ मध्ये तिकडे सायडरवर (सफरचंदाची दारू) कर लावला तर दंगे झाले होते. म्हणजे घरचेच लोक वैतागलेले, त्यात अमेरिकेतली ही मंडळी फुकट बसलीत असं पंतप्रधान ग्रेनव्हिलला वाटलं असेल तर नवल नाही.

पहिला कायदा १७६४ चा, साखरेचा म्हणतात पण खरा जीव मळीत होता. मळीपासून पुढे काय तयार होतं ते आपल्याकडच्या कारखाना पट्ट्यात कोणाला सांगायला नको. न्यू इंग्लंडची, म्हणजे बोस्टनच्या भागातली, बहुतेक रम फ्रेंच बेटांवरून येणाऱ्या मळीवर चालायची. त्या मळीवर १७३३ पासून गॅलनला ६ पेन्स जकात होती, कागदावर. प्रत्यक्षात कस्टमवाल्याचा खिसा गरम केला की जहाज धक्क्याला. ग्रेनव्हिलने जकात निम्मी केली, ३ पेन्स, फक्त म्हणाला की आता ती खरंच वसूल करायची. पकडला गेलास तर खटला नौदलाच्या कोर्टात, तिथे ज्यूरी नाही, आणि त्यातलं एक कोर्ट तर पार आजच्या कॅनडातल्या हॅलिफॅक्सला. बोस्टनचा व्यापारी आपल्याच गावच्या ज्यूरीपुढे आरामात सुटायचा, त्याची ती सोयच गेली. रेट निम्मा झाला तरी बोंब मारली ती यामुळे.

मग आला १७६५ चा स्टँप ॲक्ट, आणि इथे मला ग्रेनव्हिलची कीव येते. स्टँप म्हणलं की आपल्याला तहसील कचेरीबाहेरचा वेंडर आठवतो, प्लास्टिकची खुर्ची, जाडजूड रजिस्टर आणि आज संपलेत उद्या या. तसंच ते होतं. कोर्टाचे कागद, लायसन्स, पंचांगं, वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, सगळ्याला सरकारी शिक्का लागणार. पत्त्यांच्या कॅटला १ शिलिंग, फाशांच्या जोडीला १० शिलिंग! इंग्लंडात असा कर कितीतरी वर्षं होता, कोणी काही बोलत नव्हतं. पण अमेरिकेत हा कोणाच्या डोक्यावर पडला बघा. वकील, छापखानेवाले, दारूचे गुत्तेवाले, व्यापारी. गावात ज्यांची तोंडं चालतात नेमकी ती सगळी एकाच दिवशी दुखावली. शेतकऱ्यावर कर लावला तर तो घरात बसून शिव्या देतो, इथे शिव्या छापायची मशीन ज्याच्याकडे त्याच्याच कागदावर टॅक्स. कायदा १ नोव्हेंबरपासून लागू होणार होता, तर आदल्या दिवशी फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया जर्नलने अख्खं पहिलं पान थडग्याच्या दगडासारखं छापलं आणि शिक्का मारायच्या जागी कवटी. आजच्या भाषेत पार व्हायरल.

गंमत म्हणजे बेंजामिन फ्रँकलिनसारखा बेरकी माणूसही यात फसला. तो तेव्हा लंडनमध्ये होता, त्याला वाटलं कायदा आता झालाच आहे तर आपल्या माणसाचं भलं करू, म्हणून त्याने जॉन ह्यूज नावाच्या दोस्ताला पेनसिल्व्हेनियाचा स्टँपचा अधिकारी करून टाकलं. इकडे फिलाडेल्फियात लोक फ्रँकलिनच्याच घरावर चालून यायच्या बेतात. बायको डेबोरा घर सोडायला तयार नाही, बंदुका मागवून घेतल्या आणि वरच्या मजल्यावर ठाण मांडून बसली बाई. नवरा लंडनमध्ये ओळखी वाढवतोय, त्याचा हिशोब घरी हिने चुकता करायचा.

बोस्टनमध्ये तर १४ ऑगस्टला स्टँपवाला अँड्र्यू ऑलिव्हर याचा पुतळा एल्मच्या झाडाला लटकवला, त्याने राजीनामा देऊन टाकला. बारा दिवसांनी जमाव उपगव्हर्नर थॉमस हचिन्सनच्या घरात घुसला, घर अक्षरशः सोलून काढलं. हा माणूस मॅसॅच्युसेट्सचा इतिहास लिहीत होता, त्याची हस्तलिखितं रस्त्यावरच्या चिखलात. आणि हचिन्सन स्वतः स्टँप ॲक्टच्या विरोधात होता, तेच तर दुर्दैव! मी काही क्रांतीचा भाट नाही, जमाव म्हणजे जमावच असतो.

१७६६ च्या मार्चमध्ये लंडनने कायदा मागे घेतला. विषय संपला असता. पण त्याच दिवशी दुसरा ठराव पास करून ठेवला की वसाहतींवर वाट्टेल तो कायदा करायचा अधिकार आमच्या पार्लमेंटला आहे, कुठल्याही बाबतीत. म्हणजे उधारी माफ केली पण वही फाडली नाही, उलट वहीवर मोठ्या अक्षरात नाव लिहून ठेवलं. माझं म्हणणं एवढंच आहे की बंडाचं बी या वहीत आहे. पैसे सोडायची त्यांची दर वेळी तयारी होती, हक्क सोडायची एकदाही नव्हती, आणि समोरच्यांनी तर पहिल्यापासून हक्कावरच बोट ठेवलेलं, की लंडनच्या पार्लमेंटात आमचा एकही माणूस नाही, मग आमच्या खिशात हात घालणारे तुम्ही कोण?

पुढचंही तसंच झालं. १७६७ मध्ये अर्थमंत्री टाउनशेंडने काच, शिसं, रंग, कागद, चहा यांच्यावर जकात लावली, इकडे बायकांनी चरखे काढले, विलायती माल बंद (ओळखीचं वाटतंय ना? आपल्या स्वदेशीच्या कितीतरी आधीचं आहे हे). बोस्टनमध्ये सैन्य आणून ठेवलं, ५ मार्च १७७० ला गोळीबारात पाच माणसं गेली. आणि नेमकं त्याच दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ या जकाती काढायचा प्रस्ताव मांडत होता. सगळ्या काढल्या, एक चहाची ठेवली. का, तर हक्क दाखवायला एक तरी पाहिजे.

आता चहा. इथे आपला संबंध येतो, कारण तो चहा होता ईस्ट इंडिया कंपनीचा. आपलीच, म्हणजे आपल्याला लुटणारी. बंगालात १७७० चा भयंकर दुष्काळ पडलेला, लाखो माणसं मेली, तरी वसुली चालूच, पण कंपनीचं गणित काही बसेना. लष्कराचा खर्च, भागधारकांचा डिव्हिडंड, आणि लंडनच्या गोदामात पडून असलेला न विकलेला चहा. १७७२ ला कंपनी सरकारच्या दारात कटोरा घेऊन उभी. सरकारने बेलआउट दिलं, बदल्यात हिंदुस्थानच्या कारभारात हात घातला (वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल झाला तो यातूनच) आणि चहा खपवायची सोय म्हणून १७७३ चा टी ॲक्ट. कंपनीला लंडनची जकात परत, दलाल बाजूला, माल थेट अमेरिकेत. डच स्मगलिंगच्या चहापेक्षा स्वस्त पडेल असा हिशोब. पौंडभर चहाला ३ पेन्सची जुनी जकात मात्र तशीच. तीही काढा असं पार्लमेंटात लोक सांगत होते, नॉर्थ ऐकेना.

बोस्टनमध्ये कोण चिडलं? ज्यांचा स्मगलिंगचा धंदा बसणार होता ते, हे उघड आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण साध्या माणसालाही दिसत होतं की स्वस्त चहाच्या कपातून तो हक्क गुपचूप पाजला जातोय. त्यात कंपनीचे ठरवून दिलेले एजंट कोण, तर गव्हर्नरची दोन पोरं. गव्हर्नर कोण? तोच हचिन्सन, ज्याचं घर सोललं होतं. डार्टमाउथ जहाज आल्यापासून वीस दिवसांत जकात भरा नाहीतर कस्टम माल जप्त करणार असा नियम, लोक म्हणाले माल परत पाठवा, हचिन्सन म्हणाला जकात भरल्याशिवाय जहाज हलणार नाही. मुदत संपायच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबरला, तीन जहाजांवरच्या ३४० च्या आसपास पेट्या फोडून ४० टनांहून जास्त चहा पाण्यात. चहा सगळा चिनी बरं का, आसामच्या चहाला अजून बराच वेळ होता. ओहोटी होती त्यामुळे तो बुडेचना, जहाजाच्या कडेला गवताच्या गंजीसारखे ढीग लागले. दुसऱ्या दिवशी होड्या घेऊन वल्ह्यांनी बडवून बडवून बुडवावा लागला. म्युझियमवाल्यांनी हे करायला द्यायला पाहिजे, जास्त मजा येईल.

मग लंडनने खरी घोडचूक केली. चहा फेकला शेदीडशे जणांनी, १ जून १७७४ पासून अख्ख्या गावाचं बंदर बंद. न फेकणाऱ्यांचाही धंदा बसला. तोवर बाकीच्या वसाहती 'बोस्टनवाले जरा अतिच करतात' म्हणत होत्या, त्यांनीच तांदूळ पाठवला, मेंढ्या पाठवल्या, सप्टेंबरात फिलाडेल्फियाला बारा वसाहतींची माणसं एकत्र बसली. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनला गोळी सुटली. आणि त्याआधी जेमतेम दीड महिना आपल्याकडे राघोबादादा सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह करत होते. हे दोन्ही एकाच वर्षात झालं हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं, इतिहासाचे तास वेगवेगळे ना.

एक सांगायचं राहिलं. हीच मंडळी स्वतः सरकार झाल्यावर १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर लावून मोकळी झाली. पश्चिम पेनसिल्व्हेनियाचे शेतकरी वसुलीवाल्यांना डांबर फासून पिसं चिकटवायला लागले, म्हणजे बोस्टनचाच जुना खेळ. १७९४ मध्ये खुद्द वॉशिंग्टन घोड्यावर बसून बारातेरा हजारांची फौज घेऊन निघाला. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "पण त्यांनी मत दिलं होतं ना मामा." बरोबर आहे त्याचं. पण डांबर फासणाऱ्याला ते पटलं असेल का, माहीत नाही.

आणि इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस. १७८१ ला अमेरिकेत यॉर्कटाउनला वॉशिंग्टनकडून हरला, तलवार द्यायच्या वेळी आजारी आहे म्हणून स्वतः गेलाच नाही, हाताखालच्याला पाठवलं. पाच वर्षांत तोच गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात हजर. १७९३ चा कायमधारा, म्हणजे बंगालात जमिनीचा सारा कायमचा ठरवून टाकायची पद्धत, त्याचाच. तिथे कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता, ठरलेल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत सारा भरला नाही की जमीनदारी लिलावात. बोस्टनच्या जहाजाला निदान वीस दिवस तरी मिळाले होते.