फेस काढून देतो

आमच्या शाळेच्या ग्रुपवर परत कोल्हापूर शहराच्या हद्दवाढीवरनं जुंपलीय. एकजण म्हणतो, 1972 ला महानगरपालिका झाली, त्यानंतर 50 वर्षं उलटली तरी हद्द तिथंच, पुणं बघा कुठच्या कुठं गेलं. दुसरा हद्दीलगतच्या गावातला, त्याला घरफाळ्याची काळजी. मला दोघांचंही पटतं. पण लंडनमध्ये बसून हे वाचताना डोक्यात भलतंच येतं.

आमच्या मजल्यावर सहा दारं आहेत. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या दाराशी एक पार्सल पडून होतं, मी रोज जाता-येता बघायचो आणि पुढं जायचो, बारा दिवस. मग कळलं की ते गृहस्थ दवाखान्यात होते. त्यांचं नाव मला त्या पार्सलवरच्या लेबलावरनं कळलं, चार वर्षं शेजारी राहून! मी साधं दार वाजवलं नाही, ते अजून टोचतं. ब्रिटनमध्ये 2018 ला एकटेपणाचं खातं एका मंत्र्याकडं द्यावं लागलं ते उगाच नाही.

आता पेठेतलं सगळं गोड होतं असंही नाही. माझ्या बहिणीचा घटस्फोट झाला तेव्हा गल्लीनं तिला जगू दिलं नाही, शेवटी ती पुण्याला गेली आणि तिथं कुणी ओळखत नाही म्हणून सुखात आहे. मलाही इथं पहिली दोन वर्षं तसंच वाटलं, कुणाचा कोण विचारणारं नाही, आता मी माझ्या मनासारखा जगणार. पण कुणी ओळखतच नसेल तर तुम्ही वेगळे असलात काय आणि नसलात काय, फ्लॅटचा नंबर तेवढा उरतो.

गेल्या मे महिन्यात तीन वर्षांनी कोल्हापुरात गंगावेशीत दूध प्यायला गेलो. म्हशीची धार काढता काढता मामांनी मान वर केली, "कवा आलास रं? थांब, फेस काढून देतो, तुला चालत न्हाई न्हवं." मला काय चालत नाही हे लंडनमध्ये एकालाही माहीत नाही.

म्हणून ग्रुपवर एवढंच लिहिलं की हद्द वाढवा, टॉवर बांधा, माझी ना नाही, पण नव्या कॉलन्यांच्या नकाशात पार्किंगसारखीच तालमीची आणि बसायच्या कट्ट्याची जागा आधी धरा, नंतर कुणी सोडत नसतंय.