'100 टक्के रुग्ण बरे झाले' हे खरं, पण कुठले रुग्ण?

जून 2022 पासून एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय आणि विझला असं वाटलं की पुन्हा येतो: "कॅन्सरवर औषध सापडलं! सहा महिने इंजेक्शन, शंभर टक्के रुग्ण बरे. आता केमो नको, रेडिएशन नको, ऑपरेशन नको."

मुळात बातमी खरी आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात अँड्रिया सेर्सेक आणि लुईस डियाझ या डॉक्टरांच्या गटाने डोस्टारलिमॅब हे औषध दिलं आणि पहिल्या बाराही जणांची गाठ नाहीशी झाली. 2025 मध्ये हा आकडा 49 पैकी 49 झाला. घोटाळा आहे तो मेसेजने गाळलेल्या गोष्टींत.

"कॅन्सरवर औषध." नाही. गुदाशयाच्या कॅन्सरच्या एका दुर्मीळ प्रकारावर. शंभरात पाच-दहा गाठीच अशा निघतात. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं असतात: एमएलएच-1, पीएमएस-2, एमएसएच-2, एमएसएच-6. त्यातलं एखादं गायब झालं की चुका साचतात, गाठ शरीराला परकी वाटू लागते. तरी ती प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक दाबून वाचते. हे औषध तो ब्रेक सोडवतं. बाकीच्या नव्वद-पंच्याण्णव जणांच्या गाठीत एवढ्या चुकाच नसतात, त्यामुळे एकट्या या औषधाचा तिथे जवळपास काही उपयोग होत नाही.

हा प्रकार ओळखायला वेगळी बायोप्सीसुद्धा लागत नाही. आधीच काढलेल्या आणि मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेल्या तुकड्यावर आयएचसी करतात, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच रंग चढवणारी तपासणी. स्लाइडवर प्रथिन असलेल्या पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं. गाठीच्या पेशी निळ्याच राहिल्या आणि त्यांना खेटून असलेल्या लिम्फोसाइट (निरोगी पांढऱ्या पेशी) तपकिरी झाल्या, तर रंग नीट चढलाय आणि गाठीत प्रथिन खरंच नाही.

"बरे झाले." सगळे दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजचे होते, आजार यकृतात, फुप्फुसात गेलेला नव्हता. एमआरआय, दुर्बीण, बोटाने तपासणी यांत गाठ सापडली नाही, एवढंच डॉक्टरांनी म्हटलं. त्यांच्या तपासण्या पुढेही चालू राहिल्या.

"केमो नको, ऑपरेशन नको." या वाक्याची मला खरी भीती वाटते. नेहमीच्या प्रकारात याच उपचारांनी माणसं वाचतात. मेसेज वाचून कुणी रेडिएशन मध्येच सोडलं तर गाठ थांबत नाही. उलटी चूकही तितकीच वाईट. ज्याची गाठ खरंच दुर्मीळ प्रकारची आहे, त्याची तपासणीच झाली नाही तर त्याला रेडिएशन मिळतं, मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, पोटावर शौचाची कायमची पिशवी येऊ शकते. म्हणून पहिल्या केमोआधी डॉक्टरांना विचाराच: "एमएमआरचा रिपोर्ट आला का?" एमएमआर म्हणजे वरच्या त्या चार प्रथिनांची तपासणी.

रिपोर्टमध्ये प्रथिन गायब असेल तर जनुकीय तपासणीचंही विचारा. अनेकदा मागे लिंच सिंड्रोम असतो, म्हणजे याच दुरुस्तीच्या जनुकातला आनुवंशिक दोष. तो निघाला तर भावंडांना आणि मुलांना तोच दोष असण्याची शक्यता प्रत्येकी 50 टक्के, आणि ज्यांच्यात तो सापडेल त्यांना काही त्रास नसतानाही दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करावी लागते.