पार्किंगमधली टकटक

आज संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या वॉचमनने एका बारा-तेरा वर्षांच्या पोराचा स्केटबोर्ड काढून घेतला, वरून ऑर्डर आहे म्हणे, टकटक आवाजाने लोकांचं डोकं उठतं. पोरगं एक शब्द बोललं नाही, मान खाली घालून उभं. डाव्या बुटाला करंगळीपाशी भोक पडलेलं.

अहो ते भोक कशाने पडतं माहितीये का? मागच्या पायाने बोर्डाची शेपटी जमिनीवर आपटायची (हीच ती तुमची टकटक) आणि पुढचा पाय बोर्डावर घासत वर ओढायचा, की हात न लावता बोर्ड पायाला चिकटल्यासारखा हवेत. ऑली. ॲलन गेलफंड नावाचा स्केटर ती बोलमध्ये, म्हणजे स्केटिंगच्या खोलगट वाटीत मारायचा, सपाट जमिनीवर आणली रॉडनी मलन ह्या अमेरिकन स्केटरने, १९८२ मध्ये. मग किकफ्लिप, हीलफ्लिप, म्हणजे हवेत पायाखाली बोर्ड गरकन फिरवायचा... आज जगात कुठलंही पोर रस्त्यावर बोर्ड फिरवतंय ना, ते ह्या माणसाचीच बाराखडी गिरवतंय.

आणि हा शिकला कुठे, तर फ्लोरिडात घरच्या गॅरेजमध्ये, एकटा. बाप डेंटिस्ट, महाकडक. १९७७ च्या १ जानेवारीला बोर्ड मिळाला तो पण ह्या अटीवर की जोरात लागलं की बंद. पण गॅरेज तरी दिलं ना त्या बापाने! आपण पार्किंगचा कोपरा देत नाही.

फ्रीस्टाइलच्या, म्हणजे सपाट जमिनीवर बोर्डाच्या कसरती करायच्या, ३५ पैकी ३४ स्पर्धा जिंकला, मग फ्रीस्टाइलच बुडालं. दुसरा असता तर जुने कप पुसत बसला असता, हा पंचविशीत प्लॅन बी नावाच्या स्केटर्सच्या टीममध्ये जाऊन स्ट्रीट स्केटिंग, म्हणजे रस्त्यावरच्या पायऱ्या-कठड्यांवरचं, पहिल्यापासून शिकला.

बरं, आवाज होतो, मान्य. दुपारी झोपमोड होते, तेही मान्य. पण २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या मोमिजी निशियाने स्केटबोर्डिंगचं गोल्ड घेतलं तेव्हा तीही १३ चीच होती, आणि तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी टाकणारे हेच सगळे होते.

खरं सांगू, मागच्या महिन्यात माझ्या गाडीला ओरखडा आला तेव्हा मीही ह्याच पोरावर खेकसले होते. तेव्हाही तो असाच गप्प, बुटाकडे बघत. ओरखडा त्याचा नव्हताच, नंतर कळलं. सॉरी म्हणायचं राहून गेलं.

आत्ता खाली जाऊन वॉचमनकाकांकडून बोर्ड घेऊन आलेय. शेपटी झिजून नुसती धार राहिलीये. सकाळी स्कूलबसच्या आधी देणारे त्याला. ग्रुपवर काय टाकायचं ते टाका.