प्रस्ताव देताना म्हैस झाकून ठेवावी

विद्यापीठाच्या कलादालनात प्रदर्शन भरवायचं ठरवलंत, अभिनंदन. जहांगीर आर्ट गॅलरीच्या रांगेत नंबर लागायला वर्षं जातात, वर मुंबईत राहायचं, चित्रांचा टेम्पो न्यायचा. त्यापेक्षा आपल्या विद्यापीठाचं दालन काय वाईट, असं कुणीतरी तुम्हाला सुचवलेलं असणार. बरोबरच आहे. इथे रांग नाही. इथे फाइल आहे, तिला नस्ती म्हणतात.

तेव्हा आधी चित्रांची काळजी सोडा. ती काढून झालीत, कुठे पळून जात नाहीत. काळजी घ्यायची ती प्रस्तावाची, कारण समिती बघते तो प्रस्ताव. समितीत अधिष्ठाता असतात, वित्त व लेखा विभागाचे एक अधिकारी असतात, भिंत स्थापत्य विभागाची म्हणून उपअभियंता असतात. कलेची जाण असलेले एक निमंत्रित सदस्यही असतात. ते सहसा येत नाहीत. त्यांचा मागच्या बैठकीचा प्रवासभत्ता अजून निघालेला नसतो.

समजा, तुम्ही म्हशी काढता. हसण्यासारखं काही नाही. पंढरपुरी म्हैस एकदा नीट बघावी: तलवारीसारखी मागे वळून थेट खांद्यापर्यंत गेलेली शिंगं, आणि दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात सगर, म्हणजे सजवलेल्या म्हशींची मिरवणूक, निघतो तेव्हा त्या शिंगांवर रंग, गोंडे, मोरपिसं. माणसाने आयुष्य घालवावं असाच विषय आहे. पण प्रस्तावात ‘म्हैस’ हा शब्द दिसला की तुमचं काम आटोपलं. लेखा विभाग विचारणार, ‘हे नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत नाही का येत?’ आणि नस्ती त्यांच्या अभिप्रायासाठी जाणार. तिकडून ती परत येईपर्यंत म्हशीला पारडू झालेलं असेल.

म्हणून शीर्षक द्यायचं, ‘शृंग आणि अवकाश : ग्रामीण स्मृतींचा दृश्य-विमर्श’. मधलं ते दोन ठिपक्यांचं चिन्ह विसरू नका. त्याच्यावाचून प्रदर्शन गंभीर दिसत नाही. पहिल्या परिच्छेदात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०, दुसऱ्यात भारतीय ज्ञान प्रणाली, तिसऱ्यात पुन्हा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. ‘अपेक्षित फलनिष्पत्ती’ या रकान्यात ‘बघणारा दोन मिनिटं चित्रासमोर थांबेल’ असलं काही भाबडं लिहू नका. तिथे लाभार्थी लागतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना दारातून आत आणि खिडकीकडच्या दारातून बाहेर काढलं की लाभ पोहोचला असं धरतात. त्यांना प्रमाणपत्र मिळेल हे ठळक अक्षरात टाका.

खर्चाच्या पानाला तीन दरपत्रकं जोडायची. तुमच्या गावात फ्रेमवाला एकच आहे, हे खरेदी समितीला सांगून उपयोग नाही. तो स्वतःच तिन्ही आणून देतो: एक त्याचं, एक मेव्हण्याचं, एक शेजारच्या फ्लेक्सवाल्याचं. सर्वांत कमी दर कुणाचा, हे त्याला तोंडपाठ असतं. मंजुरी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येईल आणि पैसे ३१ तारखेच्या आत खर्ची पडले पाहिजेत, असं त्यात लिहिलेलं असेल. प्रदर्शन जुलैत का असेना.

भिंत मोजायला एकदा जाऊन या. तेवढ्यासाठी दालन उघडावं लागतं.

‘मामा, दालन उघडता का? माप घ्यायचं होतं.’

‘किल्ली माझ्याकडं न्हाई. मॅडमकडं असती.’

‘मॅडम कुठायत?’

‘इलेक्शन ड्युटीला.’

‘मग परवाचा सत्कार कसा झाला आत?’

‘त्येला वरनं फोन आल्ता.’

यातून काय ते समजून घ्या. शेवटी दार उघडेलच. आत रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पोडियम, गेल्या वर्षीच्या दीक्षान्त समारंभाची कमान आणि यांच्या मागे कुठेतरी भिंत. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर यावा, असा दालनांचा रिवाज आहे. इथे तो निर्णय आधीच्या प्रदर्शनाच्या खिळ्यांनी घेतलेला आहे. नवीन खिळा मारायला स्थापत्य विभागाची परवानगी लागते, म्हणून वरच्या पट्टीला हुक, हुकाला नायलॉनची दोरी आणि दोरीला चित्र. ही दोरी वजनाने ताणत जाते. सकाळी नजरेच्या उंचीवर असलेली म्हैस संध्याकाळी दोन बोटं खाली उतरलेली असते, तीही एका बाजूने.

कागदावरच्या जलरंगांना ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, तैलरंगाला २०० पर्यंत चालतो, हे तुम्ही कुठेतरी वाचलेलं असेल. ते मनातच ठेवा. दालनात ट्यूबलाइट आहेत आणि बटण एक आहे. लागल्या तर सगळ्या, नाहीतर अंधार. लागल्या की चित्राच्या काचेत एक लांब पांढरी नळी आणि बघणाऱ्याचं स्वतःचं तोंड दिसतं. याला प्रस्तावात ‘प्रेक्षक-सहभाग’ म्हणावं. गुण मिळतात.

विम्याच्या रकान्यात ‘जोखीम चित्रकाराची’ असं आधीच छापलेलं आहे, सही करून मोकळे व्हा. उगाच इतिहास काढू नका. म्हणजे १८७२ पासून मुंबईच्या जे.जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या ग्रिफिथ्ससाहेबांच्या हाताखाली अजिंठ्याच्या अंधारात बसून प्रतिकृती केल्या, त्या लंडनला पाठवल्या, आणि १८८५ मध्ये तिथल्या आगीत त्यातल्या कितीतरी जळाल्या. त्याआधी मेजर गिल यांच्या प्रतिकृतींचंही १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत तेच झालं होतं. हे समितीपुढे सांगितलंत तर अधिकारी म्हणतील, ‘बघा, लंडनमध्येसुद्धा जळतात!’ दालनातल्या लाल नळकांड्यावर पुन्हा भरण्याची तारीख लिहिलेली आहे. ती वाचू नका.

सर्वांत महत्त्वाचं ते हमीपत्र: ‘सदर कलाकृतींमुळे कोणाच्याही भावना दुखावणार नाहीत.’ कोणाच्याही म्हणजे अक्षरशः कोणाच्याही. ही अट वेडेपणाची वाटत असेल, तर बडोदा आठवा. सयाजीरावांच्या नावाचं विद्यापीठ, १९५० पासूनची ललित कला विद्याशाखा, जिथे प्रवेश मिळावा म्हणून देशभरातली मुलं धडपडतात. तिथे मे २००७ मध्ये एका विद्यार्थ्याच्या परीक्षेच्या कामावर बाहेरून आलेल्या लोकांनी हरकत घेतली. ते काम परीक्षकांसाठी मांडलेलं, आवार विद्यापीठाचंच. अटक झाली ती विद्यार्थ्याला. निषेध म्हणून मुलांनी आपल्याच देशातल्या प्राचीन शृंगारिक शिल्पांच्या प्रतिमा मांडल्या, तर प्रशासनाने तेही बंद करायला सांगितलं. प्रभारी अधिष्ठात्यांनी ऐकलं नाही, ते निलंबित झाले. मुलांच्या पाठीशी कसं उभं राहायचं, हे त्यातून एखाद्या विद्यापीठाला शिकता आलं असतं. आपल्याकडे शिकले ते हमीपत्राचा मसुदा.

तेव्हा म्हशीकडे पुन्हा एकदा समितीच्या डोळ्यांनी बघा. शिंगाला हिरवा गोंडा? काढा. निळा? काढा. भगवा? तो आहे म्हणूनही कुणी येईल आणि म्हशीला का लावला म्हणूनही येईल, काढाच. कपाळावर काही नको. तोंड कोणत्या दिशेला आहे तेही तपासा. शिंगं फार टोकदार वाटत असतील तर फ्रेम जरा आत घ्या, वरून कापली जातात. उरलेली काळी म्हैस निर्विवाद असते.

नुसती चित्रं लावून मात्र भागत नाही, सोबत कार्यक्रम लागतात. व्याख्यान, कार्यशाळा, कलासंवाद असं काहीही लिहा. मंजूर होतं ते प्रात्यक्षिक. त्यातही प्रमुख पाहुण्यांच्या व्यक्तिचित्राचं. कुलगुरू तासभर खुर्चीत हलायचं नाही म्हणून बसतील, समोर विद्यार्थी दाटीवाटीने उभे राहतील, आणि तुम्ही म्हशी काढणारे असलात तरी कोळशाचा तुकडा घेऊन सरांना उतरवाल. नाक जरा सरळ काढा, केस जरा जास्त. चित्र तिथल्या तिथे सरांना भेट द्यायचं असतं, हे कुणी तुम्हाला सांगणार नाही. पुढच्या वर्षीची तारीख याच चित्रातून मिळते.

उद्घाटनाला दालनातली सर्वांत मोठी, सर्वांत चांगल्या उजेडाची भिंत फ्लेक्ससाठी सोडा. फ्लेक्सवर सहा मान्यवरांचे फोटो आणि खाली डाव्या कोपऱ्यात तुमचं नाव, आडनावाच्या चुकीसह. मागे तुमचं मोठं तैलचित्र होतं, ते आता फ्लेक्सचा आधार आहे. समई, फीत, शाल, श्रीफळ आणि या सगळ्याचे जिओटॅग केलेले फोटो, कारण विद्यापीठाला श्रेणी देणाऱ्या नॅकच्या अहवालाला तेच लागतात. फोटोत अक्षांश-रेखांश आले पाहिजेत. चित्र आलंच पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही.

प्रदर्शन उतरलं की अनामत रकमेसाठी अर्ज करा. त्याला हे फोटो, भिंतीबद्दल स्थापत्य विभागाचं ना-हरकत आणि अभिप्राय वहीची झेरॉक्स जोडतात. झेरॉक्स काढण्याआधी वही स्वतः चाळून घ्या. ‘स्तुत्य उपक्रम’, ‘पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’ ही पानं चालतील. पण एखाद्या पोराने पेन्सिलीने ‘खिडकीजवळच्या म्हशीचं डावं शिंग जवळून बघा, नाद खुळा’ असं लिहिलेलं असेल, तर ते पान वगळा. दालनात म्हशी होत्या, असं लेखा विभागाच्या लक्षात येईल. आणि मंजूर प्रस्तावात तसा उल्लेख नाही.