दहा पाऊण साडेसात

नाशिककराने समुद्रावर बोलू नये, असं आमच्याच ग्रुपमधल्या दोघांचं मत आहे. तसं त्यांचंही चुकत नाही. ब्रह्मगिरीपासून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटर, पण आपली गोदामाईसुद्धा त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर पूर्वेला निघून गेली. तरी आज बोलतो, कारण परवाच्या रविवारी दिवेआगरहून श्रीवर्धनपर्यंत चालत गेलो आणि डोक्यात एक गोष्ट अडकून बसलीय.

आम्ही पाच जण. दर रविवारी पांडवलेणी चढून खाली येऊन मिसळ खाणारे, म्हणजे वजन काही कमी होत नाही. यंदा थंडीत कोकण पायी करायचं ठरलं. कसारा उतरून, पनवेल-माणगाव करत रात्री दिवेआगरला पोचलो. बेत आमच्या नेहमीच्या सवयीने आखलेला: पहाटे पाचला उठायचं, उजाडताना वाटेला लागायचं, उन्हं चढायच्या आत निम्मं अंतर मागे टाकायचं. हरिहरचा किल्ला काय, अंजनेरीचा डोंगर काय, आपण असेच जातो.

सकाळी सॅक पाठीला लावून अंगणात आलो तर घरमालक काका चुलीपाशी पाणी तापवत बसलेले. "इतक्या सकाळी कुठं निघालात? आज दशमी ना?"

आता दशमीचा आणि चालण्याचा काय संबंध? मला वाटलं उपासाचं काही असेल, पण उपास तर एकादशीला. काका म्हणाले, "दहा पाऊण साडेसात. साडेसातला भरती. खालची खडकाची वाट पाण्यात असणार. घावन खा, दहाला निघा."

आमच्यातले मास्तर (गणिताचे, आता निवृत्त) एकदम उजळले. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा! तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. त्यांनी लहानपणी छड्या खाऊन पाठ केलेली आणि पुढे आयुष्यात कुठेच न लागलेली. इथे ती भरतीचं वेळापत्रक निघाली. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येतो, त्याच्यामागे पाणीही तेवढंच उशिरा. अमावास्या-पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून सुरुवात. हिशेब ढोबळ आहे, बराच मागेपुढे होतो, नेमकी वेळ हवी तर छापील तक्ता बघावा. पण भिंतीवर कालनिर्णय असलेल्या कुठल्याही घरात हा अंदाज फुकट मिळतो, आणि आम्ही पाच शिकलेले लोक पाच मोबाइल घेऊन गेलो होतो, एकानेही भरतीचा तक्ता बघितला नव्हता.

दहाला निघालो. वाट म्हणजे सलग पायवाट नाहीच. कधी डांबरी रस्ता, कधी वाळू, आणि शेखाडीच्या आसपास खाली उतरलं की काळा खडक. दगड आपलाच, त्र्यंबकच्या कड्याला आहे तोच बेसॉल्ट. पण आपल्याकडे त्यावर पाय ठेवला की ठेवला. इथे वरचा भाग कोरडा, खरखरीत, आणि एक पायरी खाली गेलं की शेवाळ. पहिल्या अर्ध्या तासात आमचे बँकवाले दोनदा बसले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा कुणी हसलंसुद्धा नाही.

कोंडिवलीच्या अलीकडे काही बायका खडकावरची कालवं काढत होत्या. आम्ही वेड्यासारखं विचारलं, पाणी कधी येईल? एक आजी मान वर न करता म्हणाल्या, "आज भांगाचं पाणी. लांब जात नाय नि जोरातपण येत नाय. उधाणाला असं बसून विचारू नका, दादा." ती माणसं अंगात घड्याळ घेऊन फिरतात. आम्ही मनगटावर.

तर अडकलेली गोष्ट ही. त्या किनाऱ्यावर मला ठिकठिकाणी एकच पाटी दिसली: धोका, पाण्यात जाऊ नये. सकाळी तीच, दुपारी तीच, भांगाला तीच, उधाणाला तीच. जी पाटी चोवीस तास ओरडते तिचं कोण ऐकणार? हरिहरेश्वरच्या देवळाच्या, समुद्राला लागून जाणाऱ्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटेने माणसं ओढून नेल्याच्या बातम्या आपण इथे बसून वाचतो आणि म्हणतो, लोकांना अक्कल नाही. मग कुणीतरी रेलिंगची मागणी करतं. अहो, दोन पावसाळ्यांत गंजून पडणाऱ्या रेलिंगला टेकून माणूस फोटोच काढणार!

आपल्या नाशिकला बघा. पावसाळ्यात गंगेवर (गोदेला आपण गंगाच म्हणतो) कुणी 'धोका' वाचतं का? आपण विचारतो, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं? गुडघ्याला म्हटलं की अजून चहा होतो. कमरेला म्हटलं की सराफ बाजारातले लोक माल वर हलवायला घेतात. छातीला म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. धरणातून किती क्युसेक सोडलं हे नंतर बातम्यांत येतं, मारुती आधी सांगतो. कारण तो रोज वेगळं सांगतो.

कोकणातल्या पाटीवर तेवढंच हवं. एक काळा फळा, त्यावर खडूने आजची तिथी, भरती इतक्याला, ओहोटी इतक्याला. रोज सकाळी पुसून नवीन. खर्च एक खडू. शाळेतल्या पोरांना हे काम दिलं तर पाऊणकीसुद्धा जिवंत राहील, असं मास्तरांचं म्हणणं. (मास्तरांना सगळ्याचं औषध पाढे.)

आम्ही शहाणे झालो होतो म्हणावं तर तेही नाही. आरावीच्या अलीकडे एका खाचेत डबा उघडला, गप्पा रंगल्या, साडेचार झाले. ओहोटी दीडच्या सुमाराची, हे सगळ्यांना पाठ. पण मागे वळून बघितलं तर ज्या दगडावरून आलो तो गायब. लाटबीट काही नाही, आवाज नाही, नुसतं पाणी तिथे येऊन उभं. डोंगरात चूक झाली की तुम्ही पडता तरी. इथे काहीच घडत नाही, फक्त वाट राहत नाही. काटेरी झुडपांतून ओरबाडत वर रस्त्यावर चढलो. माझ्या पोटरीवर अजून रेघा आहेत.

श्रीवर्धनला अंधार पडता पडता पोचलो. पेशव्यांचं मूळ गाव वगैरे बघायचं राहिलं, पायात दम नव्हता. बँकवाल्यांनी तर खोलीवर जाऊन जेवायच्या आधीच घोरायला सुरुवात केली.

पुढची खेप हरिहरेश्वरची. दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी हवी, म्हणजे सप्तमी-अष्टमी, आणि वर रविवार. काल रात्री कालनिर्णय घेऊन बसलो, तसा दिवस सापडलासुद्धा. नेमकं त्याच दिवशी मास्तरांच्या पुतणीचं लग्न आहे.