राजधानी पळवली, पण कुणाची?

काल धरमपेठेतल्या कट्ट्यावर दोन चहा झाले तरी वाद मिटेना. तोही अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या प्रेस्कॉट गावावरून.

आमचा इंजिनिअर फिनिक्सहून सुटीवर आलाय. तिकडचे लोक उन्हाळ्यात प्रेस्कॉटच्या डोंगरात पळतात, आपण चिखलदऱ्याला जातो तसे. तो सहज बोलून गेला, "पूर्वीची राजधानी. १८८९ मध्ये आमच्याकडे आली."

वकील उसळला. "आली म्हणजे? पळवली म्हण ना! १९५६ मध्ये नागपूरची गेली तशी."

"नागपूरची गोष्ट वेगळी बे," मास्तर म्हणाले. "नागपूर आधीपासून शहर होतं. तिथं गावाच्या आधी राजधानी ठरली. १८६३ मध्ये लिंकनच्या सहीनं ॲरिझोनाचा वेगळा प्रदेश झाला. जुनी, मोठी वस्ती टूसॉनची. पण १८६२ मध्ये अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या फौजेनं ते काही काळ घेतलेलं. यादवी चालू असताना वॉशिंग्टन त्या गावावर विश्वास कसा टाकणार? त्यात १८६३ मध्येच उत्तरेच्या डोंगरात सोनं सापडलं. मग गव्हर्नर गुडविन, जवळ फोर्ट व्हिपल हा लष्करी किल्ला, आणि मे १८६४ मध्ये ग्रॅनाइट क्रीकच्या काठी नवं गाव. नाव दिलं मेक्सिकोच्या पाडावाचा इतिहास लिहिणाऱ्या प्रेस्कॉटचं."

"म्हणूनच तिथं मेक्सिको जिंकणारा कोर्तेझ आणि हरलेला राजा माँटेझुमा यांच्या नावांचे रस्ते शेजारी शेजारी," इंजिनिअर म्हणाला. गव्हर्नरचं ओंडक्यांचं घर अजून उभं आहे, तेही त्यानं पाहिलंय.

१८६७ मध्ये राजधानी टूसॉनला गेली, १८७७ मध्ये परत आली. वकिलाला मात्र सांगायचं होतं तिथल्या विधिमंडळाचं १८८५ चं अधिवेशन. टूसॉनला राजधानी हवी होती, पण पुरामुळे त्यांचे प्रतिनिधी उशिरा पोचले. तोवर वाटण्या उरकलेल्या. राजधानी प्रेस्कॉटकडेच राहिली, वेड्यांचं इस्पितळ आणि त्याचे १ लाख डॉलर फिनिक्सला, टूसॉनच्या वाट्याला २५ हजारांचं विद्यापीठ. टूसॉनकर इतके चिडले की विद्यापीठाला जागा कुणी देईना. शेवटी ४० एकर दिले दोन जुगाऱ्यांनी आणि एका दारूच्या गुत्तेवाल्यानं!

"आज त्या विद्यापीठाशिवाय टूसॉन कल्पून बघ," इंजिनिअर म्हणाला. वकील म्हणाला, "असेल. पण प्रेस्कॉटच्या हातून गेलं ते गेलंच ना!"

तेव्हा मला राहवलं नाही. प्रेस्कॉटचं गेलं म्हणता, पण ते डोंगर तिथल्या मूळ रहिवासी यावापाई लोकांचे होते. सोन्यामागं खाणवाले आले, त्यांच्या रक्षणाला किल्ला आला. फेब्रुवारी १८७५ मध्ये यावापाई आणि टोंटो अपाची या दोन जमातींच्या सुमारे १,५०० माणसांना ऐन थंडीत व्हर्दे खोऱ्यातून सान कार्लोसच्या राखीव वसाहतीत चालवत नेलं. १८० मैल. शंभरावर माणसं वाटेत मेली. राजधानी प्रेस्कॉटला परतली ती त्यानंतर दोनच वर्षांनी. टूसॉन की प्रेस्कॉट, या भांडणात त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

वकील गप्प झाला. मग म्हणाला, "परत आले का ते?"

काही आले. १९३५ मध्ये प्रेस्कॉटच्या यावापाईंना राखीव जमीन मिळाली, ७५ एकर. फोर्ट व्हिपलच्या लष्करी जागेतून काढून दिलेली.