‘ओव्हरक्लॉक करून दिलं आणि प्रोसेसर जळाला’ या रिव्ह्यूवर दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

एक स्टार दिलात, ठीक आहे. पैसे तुमचे, राग तुमचा. पण तुमच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा (क्लॉकपेक्षा) जास्त वेगावर लावून, दिलेला प्रोसेसर दोन वर्षांत जळाला, ‘काही होत नाही’ असं सांगून आम्ही तो तुमच्या गळ्यात मारला आणि आता वॉरंटीचं नाव काढताच हात वर केले. हे बाकीचे ग्राहकही वाचणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे प्रोसेसर जळालेला नाही. मशीन आमच्याकडे ठेवलंत त्या रात्री बायोस (मदरबोर्डची मूळ सेटिंग जिथे असतात ते) कंपनीच्या डीफॉल्टवर आणून स्ट्रेस टेस्ट, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी, लावून ठेवली होती. सकाळपर्यंत एकही एरर नाही. मात्र आम्ही दिलेल्या सेटिंगवर, म्हणजे सगळे मोठे कोअर ५ गिगाहर्ट्‌झ आणि १.२८ व्होल्ट, तो आता काही मिनिटांतच निळा स्क्रीन दाखवतो. डिलिव्हरीच्या वेळी याच आकड्यांवर तो तुमच्यासमोर चालला होता. आमच्या धंद्यात याला ‘डीग्रेड झाला’ म्हणतात. मेला नाही, म्हातारा झाला.

का झाला? आमचं सेटिंग आम्ही बायोसच्या पहिल्या प्रोफाइलमध्ये सेव्ह करतो आणि त्याचा फोटो बिलासोबत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. ते प्रोफाइल तुमच्या मशीनमध्ये जसंच्या तसं आहे. मशीन चालत होतं ते दुसऱ्या प्रोफाइलवर: ५.३ गिगाहर्ट्‌झ, १.४५ व्होल्ट आणि लोडलाइन (ताण आल्यावर व्होल्टेज खाली घसरू न देणारं सेटिंग) सगळ्यात वरच्या लेव्हलला. कुणी केलं ते मी विचारत नाही, पण ते आमचं नाही.

आता हिशोब बघा. चिप खाते ती वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि क्लॉकच्या साध्या प्रमाणात. ५ वरून ५.३ म्हणजे वेग ६ टक्के वाढला. व्होल्टेज १.२८ वरून १.४५ झालं, आणि दोन्ही मिळून वीज, आणि तिच्यासोबत उष्णता, साधारण ३६ टक्के वाढली. ट्रान्झिस्टरमधून वाया झिरपणारा करंट, म्हणजे गळती, धरली तर त्याहून जास्त. गेममध्ये या ६ टक्क्यांचे किती फ्रेम मिळाले, तुम्हीच सांगा.

लोक क्लॉकला दोष देतात. मारतं ते व्होल्टेज आणि उष्णता. चिपमधल्या बारीक तारांतून जोरात करंट गेला की धातूचे अणू हळूहळू सरकतात, पुराच्या पाण्यानं काठ खचावा तसे. तारांचं आयुष्य करंटची घनता आणि तापमान यांवर कसं अवलंबून असतं, याचं समीकरण मोटोरोलाच्या जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकातच मांडलं होतं. शिवाय जास्त व्होल्टेजखाली ट्रान्झिस्टर शिणतात आणि त्याच वेगानं चालायला त्यांना पूर्वीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय, ‘क्रॅश व्हायला लागल्यावर व्होल्टेज थोडं वाढवलं तर महिनाभर मस्त चाललं.’ भाऊ, आजार तोच होता. त्याच्यावर तुम्ही आजारच वाढवणारं औषध दिलंत. तेव्हा क्लॉक खाली घ्यायचा असतो.

शंभर डिग्रीला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, मग काळजी कशाला, असंही तुम्ही म्हणता. तो कट त्याला लगेच जळण्यापासून वाचवतो, झिजण्यापासून नाही. त्यात आपलं नागपूर. मे महिन्यात बाहेर ४५ असताना हवेवर चालणारा कुठलाही हीटसिंक चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तुमचा कॅबिनेट डेझर्ट कूलरच्या तोंडाशीच असणार, कारण हीटसिंकच्या पात्यांमध्ये ओल्या धुळीची पापडी धरली होती आणि तिच्यात खसचे तंतू अडकले होते. पंखा फिरत होता, हवा आरपार जातच नव्हती. तुमच्याकडून घेतलेले सहाशे रुपये त्या सफाईचे आणि नव्या थर्मल पेस्टचे आहेत. बिलावर तसंच लिहिलंय.

‘काही होत नाही’ असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. आम्ही म्हणतो, जपून केलं तर मशीन बदलायची वेळ येईपर्यंत फरक जाणवत नाही. हे अनुभवाचं बोलणं आहे. १९९८ च्या इंटेलच्या सेलेरॉन ३०० ए या ३०० मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरची बस (ज्या मूळ वेगाच्या पटीत प्रोसेसर चालतो ती) ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेली की तो थेट ४५० मेगाहर्ट्‌झवर पळायचा, बऱ्याचदा व्होल्टेजला हातही न लावता. असे सेलेरॉन वर्षानुवर्षं चालले.

खाली कमेंटमध्ये एकानं इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा विषय काढलाय. ते प्रकरण खरं आहे. तिथे ओव्हरक्लॉक न करताही प्रोसेसर खराब होत होते, कारण तेही जास्त व्होल्टेजच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंटेलनं मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं छोटं सॉफ्टवेअर) बदलून १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमचा प्रोसेसर त्या पिढ्यांतला नाही.

वॉरंटी दुकान देत नाही, कंपनी देते. अनलॉक्ड, म्हणजे ओव्हरक्लॉक करायला मोकळा ठेवलेला, प्रोसेसर असला तरी स्पेसिफिकेशनबाहेर चालवून झालेलं नुकसान तिच्यात बसत नाही, हे बॉक्समधल्या कागदावर असतं. इंटेल पूर्वी जादा पैसे घेऊन ओव्हरक्लॉकरना एकदा प्रोसेसर बदलून देण्याची योजना विकायची, तीही २०२१ मध्ये बंद झाली. आणि डीफॉल्टवर पास होणारा प्रोसेसर आम्ही सर्व्हिस सेंटरला पाठवून करणार काय? तो तसाच परत येणार.

आमच्याकडून एवढं होईल: मशीन आणा, डीफॉल्टवर सेट करून देतो, मदरबोर्डचं बायोस अपडेट करतो आणि एक दिवस टेस्टवर ठेवून रिपोर्ट हातात देतो. पैसे घेणार नाही. नवा प्रोसेसरच हवा असेल तर हा बायबॅकमध्ये घेऊ, पण डीग्रेड झालेल्याचा भाव मिळेल. येताना रॅमच्या दोन्ही स्टिक सोबत असू द्या, मागच्या वेळी एकच लावलेली होती. कॅबिनेट तेवढा कूलरसमोरून हलवा. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी दिवशी अकरानंतर या.